उजेडाचे एकशेवीस हात

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाटलीच कुणाला खरी, तर त्याने घरी जाऊन डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी. एका माणसाच्या टकलाने त्याच माणसाची चुगली केली, आणि तीही एकदा नाही, एकशेवीस वेळा. कोर्टात कुणी असं सांगितलं तर न्यायाधीश आरोपीला सोडून साक्षीदारालाच आत टाकतील. पण झालं ते असंच झालं, आणि त्यातला एक शब्दही वाढवलेला नाही. वाढवलेत ते फक्त काही आकडे.

पियानो दुरुस्तीचा एक कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आपलं मान द्यायचा म्हणून. पुढे एक लांब खोली, मागे तिच्याहून लांब दुसरी. पुढच्या खोलीत तारा, लाकडी हातोड्या आणि मालकीणबाई. मागच्या खोलीत लाकूड, स्पिरिटचा वास आणि पॉलिशमिस्त्री. मालकीणबाई कानाच्या इतक्या तिखट की भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी कुठल्या सुरात शिंकलं ते सांगायच्या. आणि मिस्त्री चाळीस वर्षं एकच काम करत आलेला. कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात बांधायचा, स्पिरिटात विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, त्याला पाजायचा आणि लाकडावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहायचा. एक हात वाळला की त्यावर दुसरा हात, दुसऱ्यावर तिसरा. हात म्हणजे पॉलिशचा थर. मिस्त्रीच्या हिशेबात माणसाला दोन हात असतात आणि चांगल्या पियानोला शंभर.

ही आठाची सवय हाडात इतकी मुरली होती की दाढीचा साबण आठात, टकलावर तेल आठात, आणि निरोप घेताना कुणाला हात हलवून दाखवला तर तोही आठात. समोरच्याला वाटायचं, हा बोलावतोय की हाकलतोय?

असा हा सुखी माणूस. पण सहा महिन्यांपासून त्याच्या पोटात एक गुपित होतं. डाव्या डोळ्यापुढे दुधावर धरते तशी साय धरली होती. मोतीबिंदू. कुणी सांगायची गरज नव्हती, त्याच्या वडिलांनाही तसाच झाला होता. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर कारखान्यात कळवणार, कारखान्यात कळलं की बोळा हातातून जाणार, आणि बोळा गेला की मिस्त्री म्हणून उरणार काय? खुर्चीत बसवून ठेवलेला एक म्हातारा, ज्याला दर तासाने कुणीतरी येऊन विचारतं, ‘काही हवंय का?’ त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट? तो माणसांशी उजवा गाल पुढे करून बोलायला लागला. दारापासून बाकापर्यंत सतरा पावलं, बाकापासून कपाटापर्यंत नऊ, असं सगळं पाठ करून टाकलं. आणि कुणाला काही कळलेलं नाही, या खुशीत राहायला लागला.

तेवढ्यात तो काळा पियानो तयार झाला.

लांबच्या एका शहरात नवीन सभागृह उभं राहत होतं. सभागृहवाल्यांनी तीन कारखान्यांना कळवलं होतं की पियानोचा फोटो पाठवा, ज्याचा फोटो पसंत पडेल त्याचा पियानो ऐकायला येऊ. फोटो शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवा. म्हणजे नवरी बघायला यायचं की नाही ते फोटोवर ठरणार, तशातली गत.

शुक्रवारी सकाळी गावातला फोटोग्राफर आला. चार दिवे, दोन छत्र्या, गळ्यात दोन कॅमेरे. त्याने फोटो काढला आणि सगळे बघायला वाकले. फोटोत खिडकी होती, खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल होता, चार दिवे होते, मालकीणबाईंच्या केसातली पेन्सिल होती, आणि मधोमध खुद्द फोटोग्राफर तोंड उघडं टाकून उभा होता. पियानो तेवढा नव्हता. मिस्त्रीचं पॉलिशच असं की जग त्यात मावायचं आणि पियानो नाहीसा व्हायचा. फोटोग्राफरने सतरा ठिकाणांहून सतरा फोटो काढले, आणि सतरांतही तोच.

‘बाई, हा पियानो नाही, आरसा आहे,’ तो सामान आवरत म्हणाला. ‘मी लग्नाचे फोटो काढतो, आरशाचे नाही.’

‘मग जरा खरखरीत करू का?’ मिस्त्रीने उजवा गाल पुढे करून विचारलं.

मालकीणबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की बोळ्यातलं स्पिरिट उडून गेलं.

मिस्त्रीने भाचीला फोन लावला. बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरवर कसलंसं काम करायची. कसलं, ते मिस्त्रीला कधी नीट कळलं नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, ‘फोटोंना गणित शिकवते, मामा.’ त्यावर मिस्त्री म्हणायचा, ‘शिकव बाई. मला तर गणिताने चौथीतच हाकलून दिलं.’

भाची तासाभरात आली. खांद्याला लॅपटॉप, काखेत कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड. पियानोभोवती एक चक्कर मारली आणि शीळ घातली.

‘मामा, उजेड एकदम पाडला की हा आरसा होणारच. आपण एकदम पाडायचाच नाही. तुम्ही पॉलिश एकदम ओतता का?’

‘ओतणारे वेगळे. त्यांना रंगारी म्हणतात.’

‘मग झालं तर. खोली काळीकुट्ट करायची, कॅमेरा एका जागी रोवायचा आणि हातात एक छोटा दिवा घेऊन पियानोवरून फिरवायचा. दहा सेकंद एवढ्या तुकड्यावर, की एक फोटो. मग पुढच्या तुकड्यावर, की दुसरा. असे एकशेवीस फोटो. प्रत्येकात पियानो वीतभरच दिसेल, बाकी अंधार. मग माझा प्रोग्राम ते सगळे एकावर एक ठेवेल आणि प्रत्येक ठिपक्यापाशी विचारेल, एकशेवीसांतला सगळ्यात उजळ कुठला? तेवढा ठेवेल, बाकीचे फेकेल.’

मिस्त्रीचा चेहरा उजळला.

‘म्हणजे उजेडाचे एकशेवीस हात.’

‘बरोब्बर!’

‘मग आधी तसं सांगायचंस ना. गणित कशाला मध्ये आणलंस?’

बाहेर टळटळीत दुपार, आणि आत त्यांनी रात्र करायला घेतली. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दाराच्या फटीत पियानोच्या हातोड्यांचा जुना नमदा, ती दाबलेली लोकर, कोंबला. मालकीणबाईंनी स्टँडच्या तीन पायांभोवती खडूने रिंगण काढलं आणि जाहीर केलं, ‘जो कुणी या रिंगणात पाय टाकेल, त्याचा पाय पियानोला चौथा म्हणून लावीन.’ भाचीने टॉर्चला पांढऱ्या कागदाची नळी गुंडाळली, म्हणजे उजेड मऊ पडेल. आणि मिस्त्रीला डोक्यापासून नव्हे, गळ्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले. काळ्या कपड्यांवरून उजेड परतत नाही, त्यामुळे आतला माणूस फोटोत उमटत नाही, असं गणित होतं.

दिवा आधी भाचीने धरून पाहिला होता. ती सरळ रेघा मारायची, त्यामुळे फोटोत पट्टे उठायचे. मिस्त्रीच्या हातात दिवा दिला आणि हात आपोआप आठात फिरायला लागला. पट्टा नाही, कडा नाही, कुठे सुरू झाला कुठे संपला पत्ता नाही. चाळीस वर्षं ज्या हाताने चपडा पसरला त्याने उजेडही तसाच पसरला. भाची अंधारातून नुसती ‘वा मामा, वा मामा’ करत होती, आणि दर ‘वा’ला मिस्त्रीची छाती बोटभर फुगत होती. अंधारात तर त्याला फारच बरं वाटत होतं. तिथे सगळ्यांचेच डोळे त्याच्यासारखे.

एकशेवीस झाले. घोंगडी वर केली. भाचीने फोटो कॉम्प्युटरमध्ये घातले, प्रोग्राम चालू केला, पडद्यावर हळूहळू चित्र उमटलं, आणि मालकीणबाई मटकन स्टुलावर बसल्या.

पियानो अप्रतिम आला होता. पण त्याच्या वर, अधांतरी, एकशेवीस टकलं तरंगत होती. माणूस नाही, मान नाही, कान नाहीत. नुसती गोल, तुळतुळीत, तेल लावलेली टकलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तारेवर बसलेल्या कबुतरांसारखी.

‘हे काय?’ मिस्त्री पडद्याला नाक लावून म्हणाला. ‘एवढे चंद्र कुणी आणले?’

मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांच्या खिशातला सूर लावायचा चिमटा जमिनीवर पडला आणि आपला स्वर धरून तोही मिनिटभर वाजत राहिला. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘सगळ्यात उजळ ते ठेव, असं सांगितलं होतं ना त्याला,’ ती कशीबशी म्हणाली. ‘त्याने ठेवलं!’

दुसऱ्या खेपेला मिस्त्रीच्या डोक्यावर पियानोच्या पेडलला घालायची काळी मखमली पिशवी चढवली. पुन्हा एकशेवीस हात. या वेळचं चित्र बघून कुणी हसलं नाही. काळोखातून पियानो असा वर आला होता जसा काही आतून उजळलाय. कडेची गोलाई, झाकणाची धार, पायांचे कंगोरे, सगळं. आणि भाचीने त्याखाली सरकत्या पट्ट्यांची एक रांग दाखवली, दर फोटोला एक. पट्टी सरकवली की तेवढ्या तुकड्यावरचा उजेड वाढतो, मागे घेतली की कमी होतो.

‘मागे घेता येतो?’ मिस्त्रीचा विश्वास बसेना. ‘दिलेला हात मागे घेता येतो?’

‘कितीही वेळा.’

मिस्त्री खुर्ची ओढून बसला आणि पट्ट्या सरकवायला लागला. डावीकडून पहाट केली, उजवीकडून संध्याकाळ केली, मग दोन्ही एकदम केली. चाळीस वर्षांत असं सुख त्याला मिळालं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, ‘साडेतीन वाजलेत, पाचला पाठवायचाय,’ आणि चहा घ्यायला पुढच्या खोलीत गेल्या.

तेवढ्यात भाचीला लहर आली. आणि लहर कधी एकटी येत नाही, संकटाला सोबत घेऊनच येते.

‘मामा, ते पहिले फोटो फेकू नका हं. टकलाचे.’

‘का? माझ्या श्राद्धाला लावतेस?’

‘अहो, तुमचं टक्कल म्हणजे गुळगुळीत गोळा. त्यावर दिव्याची चमक कुठे पडलीय ते बघितलं की दिवा नक्की कुठे होता ते कळतं. एकशेवीस फोटो, दिव्याच्या एकशेवीस जागा. मग कुठल्या बाजूने उजेड आला की पियानोचा कुठला ठिपका कसा चमकतो ते बघून प्रोग्राम सांगू शकतो, तो ठिपका सपाट आहे, की वर आलाय, की आत गेलाय. रंग बाजूला काढायचा, नुसता उंचसखलपणा ठेवायचा. तुमचं पॉलिश किती सपाट आहे ते जगाला दाखवू!’

मिस्त्रीने घाईघाईने तिचा हात धरला. ‘कशाला गं,’ तो म्हणाला. ‘जगाला बरीच कामं आहेत.’

पण तिने बटण दाबलं होतं. पडद्यावर पियानो राखाडी झाला, सायीसारखा मऊ, एकसारखा. टोकापासून टोकापर्यंत कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. भाची पुन्हा ‘वा’ म्हणणार, एवढ्यात ती पडद्याजवळ वाकली. झाकणाच्या डाव्या टोकाला तळहाताएवढी जागा खरखरीत दिसत होती. पॉलिश तिथे पोचलंच नव्हतं. निदान शेवटचे वीस-बावीस हात तरी नाहीत.

मिस्त्रीला पडद्यावर ती दिसली, कारण पडदा त्याच्या उजव्या डोळ्यासमोर होता.

भाचीने पडद्याकडे पाहिलं, मग मामाच्या डाव्या डोळ्याकडे. ती पोरगी ठिपक्यांवरून दिवा शोधणारी, तिला हे शोधायला कितीसा वेळ?

‘कधीपासून, मामा?’

‘हळू बोल.’

ती हळू बोलली. ‘फोटोत झाकता येईल. एकेचाळीस नंबरची पट्टी मागे घेतली की तिथे उजेडच पडणार नाही. कुणालाही दिसणार नाही. आईशप्पथ, मी कुणाला सांगणार नाही.’

मिस्त्रीचं बोट पट्टीवर गेलं. एक इंच मागे घेतलं की झालं. बोळा शाबूत, बाक शाबूत, सतरा पावलं शाबूत. बोट तिथेच राहिलं. मग ते आठात फिरायला लागलं, जागच्या जागी, आणि मिस्त्रीने ते उचलून घेतलं.

‘झाकेल गं फोटोत,’ तो म्हणाला. ‘पण तिथे फोटो वाजवायला नाही ना बसणार कुणी. पियानो जाणार. स्पिरिटची बाटली दे इकडे.’

‘वेळ किती लागेल?’

‘चपडा पातळ केला तर अर्धा तास. पण मला ती जागा दिसत नाही. पडद्यावर दिसते, लाकडावर नाही.’

‘मी सांगते.’

आणि मग ते सुरू झालं. भाची पडद्यासमोर बसून म्हणतेय, ‘वर, अजून वर, थोडं तुमच्याकडे, बस्स,’ आणि मिस्त्री डोळे मिटून बोळा फिरवतोय. उघडे ठेवून तरी काय उपयोग होता? दर चार हातांनी ती दार लावायची, दिवा धरायची, आठ-दहा फोटो काढायची, पुन्हा राखाडी चित्र बघायची. त्यासाठी मिस्त्रीला डोकं उघडं ठेवून जवळ उभं राहावं लागायचं. ‘मामा, टक्कल जरा डावीकडे. हां, छान.’ जगात एवढ्या आदराने टकलाशी कुणी बोललं नसेल.

चौथ्या खेपेला घोंगडी वर केली तर दारात मालकीणबाई. हातात कप, नजर पडद्यावर.

‘हे काय चाललंय?’

मिस्त्री उभा राहिला. उजवा गाल पुढे केला. मग आठवलं की आता त्याचा काही उपयोग नाही, आणि सरळ तोंड करून म्हणाला, ‘बाई, माझा डावा डोळा गेलाय. सहा महिने झाले. झाकणाचं टोक राहून गेलं. मी सांगितलं नाही.’

‘आठ,’ मालकीणबाई म्हणाल्या.

‘काय आठ?’

‘महिने. आठ झाले. एका सकाळी तू आत आलास आणि कोट अडकवायच्या खुंटाळ्याला म्हणालास, “बाई, आज लवकर?” तेव्हापासून मला माहितीय. खुंटाळ्याला माहितीय. पोस्टमनला माहितीय, त्याच्या हातातलं पाकीट म्हणून तू त्याचा अंगठा ओढला होतास.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘हात चालत होता ना. डोळ्याशी मला काय करायचंय?’ त्या पडद्याजवळ आल्या. ‘आता चालला नाही, म्हणून बोलते. हा पियानो पुरा कर. पुढच्याला बोळा लावायचा तो डोळ्याचं ऑपरेशन करून आल्यावर. आधी नाही.’

मिस्त्रीला रडू येतंय की हसू, ते त्यालाच कळेना. सहा महिने गाल पुढे करून करून मान आखडली होती, ती एकदम सुटली.

‘आणि बाई,’ भाची मध्येच म्हणाली, ‘झाकणाच्या मधोमध हे गोल काय आहे?’

पडद्यावर, मिस्त्रीच्या सपाट पॉलिशात, अगदी पुसट, एक वर्तुळ उमटलं होतं. डोळ्याला कधीच दिसलं नसतं. आकार कपाच्या बुडाएवढा.

मालकीणबाईंच्या डोक्यावर, भिंतीला, त्यांच्याच हातची पाटी होती, ‘पियानोवर कप ठेवणाऱ्याची गय केली जाणार नाही.’ मिस्त्रीने पाटीकडे बघितलं. भाचीने बाईंच्या हातातल्या कपाकडे बघितलं. मालकीणबाईंनी कप पाठीमागे नेला.

‘एकदाच,’ त्या म्हणाल्या. ‘आणि कोमट होता.’

‘बोळा धरा बाई,’ मिस्त्री म्हणाला. ‘आठात फिरवा. दाबू नका. अहो, दाबू नका म्हटलं ना!’

पाचला सात मिनिटं असताना दोन्ही जागा राखाडी झाल्या, सपाट, सायीसारख्या. मखमली पिशवी डोक्यावर चढवून त्या दोन तुकड्यांचे तेवढे बारा फोटो पुन्हा काढले. कॅमेरा रिंगणातून केसभरही हलला नव्हता, म्हणून भाचीने जुने बारा काढून नवे बारा चढवले, बाकीचे होते तसेच राहिले. पाचला एक मिनिट असताना फोटो गेला.

आता पुढचं तर कुणीच मानणार नाही. सभागृहवाल्यांनी फोटो पडद्यावर लावला आणि त्यांच्या अध्यक्षांनी त्यात बघून टाय सारखा केला. तिथल्या पहारेकऱ्याने फोटोच्या उजेडात अख्खा पेपर वाचून काढला, शब्दकोड्यासकट. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘पियानोच्या आत दिवा कुठल्या बनावटीचा बसवलाय?’ मालकीणबाई म्हणाल्या, ‘आमच्या मिस्त्रीच्या बनावटीचा.’ आठवड्याने लोक आले, पियानो ऐकला, आणि घेऊन गेले. झाकणावरून हात फिरवत फिरवत गेले, आणि त्यांच्या नकळत त्यांचेही हात आठात फिरत होते.

आणि मिस्त्री? मिस्त्री शब्दाचा पक्का. बाईंना शब्द दिला म्हणजे दिला. तो ताठ मानेने दवाखान्यात गेला, पापणीही न लववता टेबलावर आडवा झाला आणि म्हणाला, ‘डॉक्टर, सावकाश करा, मला घाई नाही.’ पडल्या पडल्या त्याचा हात टेबलाच्या कडेवरून असा आठात फिरत राहिला की ऑपरेशन संपेपर्यंत स्टीलला आरशाची झळाळी आली, आणि डॉक्टरांनी शेवटचा टाका त्या आरशात बघूनच घातला. पट्टी सुटली तेव्हा मिस्त्रीला रस्त्यापलीकडच्या घराच्या गच्चीवरच्या मुंगीच्या मिशा—

‘मामा!’ भाचीने लॅपटॉप धाडकन मिटला. ‘खोटं! साफ खोटं! ऑपरेशन अजून झालेलंच नाही. तीनदा तारीख पुढे ढकललीत. उद्या सकाळी आठला आहे, आणि तुम्ही ज्याला मघापासून टाळी देताय ना, तो खुंटाळा आहे!’